कावसजीची नासिकापुनर्रचना

कावसजीची नासिकापुनर्रचना ही पेशवाईच्या काळात, इ.स. १७९३ च्या सुमारास पुण्याजवळ झालेली शस्त्रक्रिया होय. तिचे वर्णन ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन' या मासिकात पत्ररूपाने प्रसिद्ध झाले.

'''पार्श्वभूमी'''

कावसजी हा इंग्रजी फौजेतील गाडीवान होता. टिपू सुलतानाच्या कैदेत त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. सुमारे वर्षभराने वीटकार जातीच्या एका वैद्याने त्याला नवे नाक बसवले. हा वैद्य कुंभार असावा, असे मानले जाते. पुण्यातील जुना कुंभारवाडा कसबा पेठेत आहे. पत्रात मात्र कोणत्याही पेठेचा उल्लेख नाही.

'''शस्त्रक्रिया'''

नाकाच्या उरलेल्या भागावर मेणाचा पातळ पत्रा बसवून त्याला नाकाचा आकार दिला गेला. तो सपाट करून कपाळावर ठेवला व त्याभोवती रेषा आखली. तेवढी त्वचा सोडवताना दोन्ही डोळ्यांच्या मधली एक अरुंद पट्टी जोडलेलीच ठेवली. त्वचा अर्धा पीळ देऊन खाली आणली आणि तिची कड नाकाभोवतीच्या छेदात बसवली. वर पाण्यात कालवलेला कात लावलेल्या कापडी पट्ट्या ठेवल्या. सुमारे पंचविसाव्या दिवशी जोडपट्टी कापली.

'''जागेची निवड'''

सुश्रुतसंहितेत नाकासाठी गालाची त्वचा सांगितली आहे. इटलीच्या तालियाकोझी याने १५९७ च्या ग्रंथात दंडाची त्वचा वर्णिली. दंडाच्या पद्धतीत हात अनेक दिवस चेहऱ्याला बांधून ठेवावा लागे. कपाळाच्या त्वचेचा रंग व पोत नाकाशी जुळतो, आणि भुवईजवळून वर जाणारी धमनी जोडपट्टीतून तिला रक्त पुरवते. त्याची किंमत म्हणजे कपाळावरील व्रण.

'''आजचे महत्त्व'''

काय गमावले आहे आणि देणाऱ्या जागेचे किती नुकसान होईल, हे दोन प्रश्न आजही निर्णायक आहेत. तोंडाच्या कर्करोगात जीभ काढावी लागल्यास मनगटाकडील पातळ, लवचीक त्वचा उपयोगी पडते. मात्र तेथील धमनी काढल्यावर दुसरी धमनी हाताला पुरेसे रक्त देईल, याची आधी खात्री करतात. जबड्यासाठी पायातील फिब्युला हे हाड घेतात, कारण शरीराचा भार मुख्यतः शेजारचे हाड पेलते. या ऊतींच्या रक्तवाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली मानेतील वाहिन्यांना जोडतात.

'''प्रभाव'''

हे वर्णन वाचून लंडनचे शल्यविशारद जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ मध्ये ही पद्धत वापरली व १८१६ मध्ये त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्या पुणेकर वैद्याचे नाव मात्र पत्रात नोंदलेले नाही.