पेटी युरोपात, पत्ता आपल्या हाती
माहितीची राखण : भाग ६

गेल्या भागात आपण पासवर्डची व्यवस्था लावली. त्यानंतरचा प्रश्न ठरलेला आहे: जीमेल सोडायचं तर जायचं कुठे? बंगळुरूच्या बेळ्ळंदूरमध्ये इकोस्पेस टेक पार्कच्या कँटीनमध्ये हा प्रश्न टाकला तर उत्तर बहुधा एका शब्दात येईल, प्रोटॉन. उत्तर चुकीचं नाही, पण अर्धं आहे. बेळ्ळंदूरच्या माणसाने युरोपातली सेवा निवडण्याआधी आपल्याच शहरातल्या हायकोर्टाचा एक आदेश समजून घ्यायला हवा.

तारीख २९ एप्रिल २०२५. एका डिझाइन कंपनीतल्या महिला कर्मचाऱ्याविषयी अश्लील मजकूर आणि एआयने बनवलेली बनावट छायाचित्रं प्रोटॉन मेलवरून पाठवली जात होती. सेवा स्वित्झर्लंडची, सर्व्हर भारताबाहेर, त्यामुळे पाठवणारा सापडेना. कंपनी कोर्टात गेली. न्यायमूर्ती एम. नागप्रसन्न यांनी केंद्र सरकारला सांगितलं की माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ खाली प्रोटॉन मेल भारतात बंद करण्याची प्रक्रिया सुरू करा, आणि ती पूर्ण होईपर्यंत आक्षेपार्ह दुवे ताबडतोब रोखा.

हे प्रकरण एकटंदुकटं नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये चेन्नईतल्या १३ शाळांना बॉम्बच्या खोट्या धमक्या आल्या, तेव्हाही प्रोटॉन बंद करायचं घाटत होतं. स्विस सरकारने मध्यस्थी केली आणि विषय मागे पडला. रशियाने मात्र जानेवारी २०२० मध्ये अशाच धमक्यांचं कारण देऊन प्रोटॉन बंद केलं आणि पुढच्याच महिन्यात जर्मनीच्या टूटानोटाचा नंबर लावला. भारतात अशी कारवाई गुप्त ठेवण्याचा नियमच आहे. २००९ च्या नियमावलीत तशी तरतूद आहे. म्हणजे बंदी आलीच तर आगाऊ सूचना मिळेल या भरवशावर राहता येत नाही.

त्या महिलेची तक्रार खरी आहे आणि तिला न्याय मिळायलाच हवा. एका गुन्हेगारासाठी सगळी सेवा बंद करावी का, हा वेगळा वाद. निवड करणाऱ्यापुरता मुद्दा एवढाच की बेळ्ळंदूरमध्ये बसून युरोपातली पेटी वापरणाऱ्याला दोन धोके आहेत. एक, कुणीतरी पत्रं वाचेल. दुसरा, एके दिवशी पेटीच उघडणार नाही. पहिल्यावर बोलणारे पुष्कळ भेटतात, दुसऱ्याची आठवण फार कमी जणांना असते.

आधी पहिल्याविषयी. युरोपच का? अमेरिकी कंपनीकडची माहिती जगात कुठल्याही सर्व्हरवर असली, तरी २०१८ च्या क्लाउड कायद्याने अमेरिकी यंत्रणा ती मागू शकतात. युरोपीय संघात मे २०१८ पासून जीडीपीआर हा माहिती-संरक्षण कायदा लागू आहे. कंपनीने तुमची कोणती माहिती, कशासाठी आणि किती काळ ठेवली याचा जाब तुम्ही तिला विचारू शकता. स्वित्झर्लंड संघात नाही, त्याचा कायदा वेगळा. तिथली कंपनी परदेशी पोलिसांना थेट माहिती देऊ शकत नाही, मागणी स्विस यंत्रणेमार्फतच यावी लागते. बंगळुरूच्या प्रकरणात घोडं इथेच अडलं होतं. आणि खासगीपणाची ही मागणी परदेशी फॅशन समजण्याचं कारण नाही. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे हा २४ ऑगस्ट २०१७ चा नऊ न्यायाधीशांचा निकाल ज्यांच्या याचिकेवर आला, ते के. एस. पुट्टस्वामी कर्नाटक हायकोर्टाचेच निवृत्त न्यायाधीश होते.

पण युरोपीय कायदा संरक्षण देतो, अदृश्य करत नाही. २०२१ मध्ये स्विस आदेशावरून प्रोटॉनला फ्रान्समधल्या एका पर्यावरण कार्यकर्त्याचा आयपी पत्ता नोंदवून द्यावा लागला. बर्लिनच्या पोस्टिओने आपण आयपी पत्ते साठवतच नाही अशी भूमिका घेतली, तरी आदेश आला तर ते द्यावेच लागतील, असं जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने सांगितलं. पत्राचा मजकूर कुलपात राहतो; कुणी, कधी, कुठून लिहिलं हे कोर्टाच्या आवाक्यात राहतं. एवढं मान्य करूनच पुढे जावं.

आता नावं. प्रोटॉन २०१४ चं, जिनिव्हाचं, सर्न या प्रयोगशाळेत भेटलेल्या मंडळींनी काढलेलं. २०२४ पासून या कंपनीची मुख्य भागधारक ना-नफा प्रतिष्ठान आहे. पेटीतली पत्रं अशा कुलपात असतात की कंपनीलाही ती वाचता येत नाहीत, मात्र विषयाची ओळ त्या कुलपात नसते. हॅनोवरची टूटा, म्हणजे पूर्वीची टूटानोटा, विषयाची ओळही झाकते. त्यासाठी तिने स्वतःची पद्धत बनवली, त्यामुळे थंडरबर्डसारख्या नेहमीच्या मेल ॲपमध्ये ती चालत नाही. बर्लिनची पोस्टिओ महिना एक युरो, म्हणजे साधारण शंभर रुपये घेते आणि नावगाव विचारत नाही, पण तुमचं स्वतःचं डोमेन, म्हणजे पत्त्यातलं @ नंतरचं नाव, तिथे लावता येत नाही. बर्लिनचीच मेलबॉक्स डॉट ऑर्ग कुलपाच्या बाबतीत या पहिल्या दोघींइतकी कडेकोट नाही. तिथे नेहमीच्या मेल ॲपना लागणारं आयमॅप चालतं, स्वतःचं डोमेनही लावता येतं.

कुठलीही घ्या, एक गोष्ट कुठलीच करत नाही. बेळ्ळंदूरमध्ये घर भाड्याने घेताना काय होतं ते आठवा. ब्रोकर आधार, पॅन, ऑफर लेटर आणि तीन महिन्यांची पगारपत्रकं मागतो, तुम्ही ती मेलने पाठवता. तुमची पेटी जिनिव्हात असेल, ब्रोकरची जीमेलवर आहे. पत्र तिथे पोहोचलं की त्याची प्रत गुगलकडे, ब्रोकरच्या फोनवर आणि घरमालकाला पुढे धाडलेल्या मेलमध्ये राहते. तुमच्या बाजूचं कुलूप त्या प्रतीला लागत नाही. प्रोटॉन आणि टूटा या दोन्हींत बाहेरच्या माणसाला पासवर्ड लावून आणि मुदत ठरवून पत्र पाठवायची सोय आहे. कागदपत्रांसाठी ती वापरा, पासवर्ड फोनवर सांगा आणि प्रतींवर ‘फक्त भाडेकरारासाठी’ असं आडवं लिहा.

आता दुसरा धोका. बंदी, कंपनीचं दिवाळं किंवा दरवाढ, काहीही झालं तरी निभावून नेणारा एकच उपाय आहे: पत्ता स्वतःच्या नावाचा घ्या. जीमेलचा किंवा प्रोटॉनचा पत्ता हे अकरा महिन्यांच्या कराराचं घर आहे, मालकाने सांगितलं की उठावं लागतं. डॉट इन डोमेन वर्षाला साधारण हजाराच्या आत मिळतं. विक्रेत्याच्या पानावर डीएनएसचा भाग उघडला की एमएक्स नावाच्या ओळी दिसतात. प्रोटॉन घेतलं तर तिथे दोन ओळी भरायच्या असतात, पहिली मेल डॉट प्रोटॉनमेल डॉट सीएच, प्राधान्य १०, आणि दुसरी तिच्या जोडीची, प्राधान्य २०. टपाल कुठे टाकायचं हे जगाला त्या ओळी सांगतात. उद्या प्रोटॉन भारतात बंद पडलं तर त्या खोडून मेलबॉक्सच्या ओळी भरा. नवं टपाल बहुधा काही तासांत नव्या पेटीत पडू लागतं. बँक, प्राप्तिकर, पीएफ, कुणालाही काही कळवावं लागत नाही.

जुन्या पत्रांसाठी लॅपटॉपवर प्रत हवी. मेलबॉक्समध्ये थंडरबर्ड लावलं की काम झालं. प्रोटॉनमध्ये थंडरबर्ड लावायला ब्रिज नावाचं सॉफ्टवेअर लागतं आणि ते फक्त पैसे भरणाऱ्यांना मिळतं. टूटातून पत्रं तिच्याच ॲपमधून काढावी लागतात.

माझं मत विचाराल तर नोकरी, बँक, भाडं आणि घरचं टपाल एवढाच व्यवहार असेल तर स्वतःचं डोमेन आणि मेलबॉक्स पुरे. वकील, पत्रकार, डॉक्टर किंवा ज्यांच्याकडे दुसऱ्यांची गुपितं आहेत त्यांनी प्रोटॉन किंवा टूटा घ्यावं, पण तेही स्वतःच्या डोमेनवर आणि दर महिन्याला प्रत काढून. पोस्टिओ चांगली आहे, पण ज्याला बंदीची काळजी आहे त्याने टाळावी, कारण तिथला पत्ता बरोबर नेता येत नाही.

तीन ठिकाणी माणसं हमखास अडकतात. पहिलं, डोमेन विक्रेत्याच्या खात्याला त्याच डोमेनवरचा मेल देणं. डोमेनची मुदत संपली की आठवणीचं पत्र बंद पेटीत जातं, तेव्हा तिथे वेगळा पत्ता द्या आणि मुदत एकदम पाच वर्षांची भरा. दुसरं, पैसे. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमांमुळे परदेशी सेवांचे दरमहा आपोआप होणारे व्यवहार भारतीय कार्डांवर वारंवार फसतात. वर्षाचे पैसे एकदम भरा आणि पुढची तारीख कॅलेंडरात घाला. तिसरं, पासवर्ड. कंपनीला तुमची पत्रं वाचता येत नाहीत, याचाच अर्थ पासवर्ड विसरलात तर तीही ती उघडून देऊ शकत नाही. अशा वेळेसाठी प्रोटॉन बारा शब्दांची ओळ देतं, टूटा लांबलचक कोड देते. जे मिळेल ते कागदावर लिहून घरातल्या महत्त्वाच्या कागदपत्रांबरोबर ठेवा, मोबाइलमध्ये फोटो काढून नव्हे.

फुकटच्या खात्यांवर भिस्त ठेवू नका. टूटाचं फुकट खातं सहा महिने न उघडल्यास बंद होतं, प्रोटॉनचं वर्षभराने. जीमेलही लगेच पुसू नका. वर्षभर दोन्ही चालू ठेवा, जुन्या पत्त्यावर जे येतं ते पुढे पाठवायची सोय लावा आणि ज्याचं पत्र आलं त्याला नवा पत्ता देत जा. वर्ष सरेल तोवर जुन्या पेटीत बहुतेक जाहिरातीच उरतील.

पुढील भागात : डोमेनच्या पानावरच्या एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या ओळी. त्या भरल्या नाहीत तर तुमच्या नव्या पत्त्यावरून गेलेलं पत्र समोरच्याच्या स्पॅममध्ये का पडतं, ते पाहू.