दळण टाकून आलो, पण पीठ कुठाय?

‘फाईल उघडा’ असं बटण दाबलं, विंडो पांढरीफटक पडली आणि वरच्या पट्टीवर ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ उमटलं, हे विंडोज वापरणाऱ्या बहुतेकांनी पाहिलेलं असतं. एखाद्या विंडोनं पाच सेकंद तिच्याकडे आलेले संदेश उचललेच नाहीत, तर विंडोज तिला अडकलेली समजतं. पुष्कळदा कारण साधं असतं. माऊस आणि कीबोर्डकडे लक्ष ठेवायचं काम ज्या थ्रेडचं, तोच डिस्कच्या दारात ताटकळत उभा असतो. मग कुणीतरी जाणता सांगतो, ‘असिंक कर, सुसाट होईल.’ असिंक म्हणजे काम सोपवायचं आणि ते पुरं होण्याची वाट न बघता पुढे जायचं.

सुसाट काही होत नाही. डबा गिरणीत ठेवून घरी आलात म्हणून गिरणी जोरात फिरत नाही. तेवढ्या वेळात तुमची भाजी चिरून होते, इतकंच. मिनिटाला 7200 फेरे घेणाऱ्या हार्डडिस्कवर हवा तो भाग हेडखाली यायला सरासरी अर्धा फेरा, म्हणजे साधारण 4 मिलिसेकंद लागणारच, मग कॉल कुठल्याही पद्धतीचा असो. एकुलती एक छोटी फाईल असिंक पद्धतीनं वाचली, तर हिशेब ठेवण्याच्या खटाटोपात थोडा उशीरच होतो. वेग वाढतो तो एका दमात अनेक मागण्या पुढे टाकल्यावर, आणि त्याही एसएसडीसारख्या, अनेक कामं एकदम हातात घेणाऱ्या साधनावर.

दुसरा गैरसमज जास्त चिवट आहे: फंक्शनच्या नावात ‘असिंक’ आहे, म्हणजे आत कुणीच थांबलेलं नाही. डॉटनेटचं उदाहरण घ्या. फाइलस्ट्रीम उघडतानाच असिंक्रोनस हा पर्याय दिला नसेल, तर विंडोजवर रीडअसिंक थ्रेडपूलमधल्या एका थ्रेडला गिरणीच्या रांगेत उभं करतं. तुम्ही मोकळे, तो अडकलेला. याला फसवणूक म्हणायला मी तयार नाही. दहा-वीस फायलींच्या डेस्कटॉप प्रोग्रॅमला एवढं अगदी पुरतं. नोड डॉट जेएसच्या पोटातली लिबयूव्ही ही लायब्ररीसुद्धा फायलींसाठी थ्रेडच वापरते, आपण आकडा बदलला नाही तर चार. लिनक्सवर तर वर्षानुवर्षं दुसरा सरळ मार्गच नव्हता. सॉकेटला चालणारा नॉनब्लॉकिंगचा झेंडा साध्या फाईलवर लावला तरी फरक पडत नाही. पोलला विचारलं तर ते फाईल कायम ‘तयार’ असल्याचं सांगतं, आणि ईपोल तिला दारातच नकार देतं. येन्स ॲक्सबोची आयओ-युरिंग ही असिंक कामाची सोय 2019 मध्ये लिनक्स 5.1 मध्ये आली, तेव्हा कुठे चित्र बदललं.

विंडोज एनटीकडे मात्र ही सोय सुरुवातीपासून आहे. तिचं नाव ओव्हरलॅप्ड आयओ. क्रिएटफाइलला ओव्हरलॅप्डचा फ्लॅग द्यायचा, मग रीडफाइल काम नोंदवून परत येतं. नवखा प्रोग्रॅमर इथे घाबरतो, कारण फंक्शन ‘अयशस्वी’ म्हणून परततं आणि एररचा क्रमांक 997 दिसतो. त्याचा अर्थ फक्त ‘काम चालू आहे’. बिचारा ती फाईल बंद करून मोकळा होतो!

पण फ्लॅग दिला म्हणून कॉल दरवेळी लगेच परतेल, हेही खरं नाही. मजकूर आधीच कॅशमध्ये असेल तर काम तिथल्या तिथे उरकतं, आणि ती चांगलीच गोष्ट. त्रास लिहिताना होतो. ज्या लेखनानं फाईलची लांबी वाढते, ते विंडोज सिंक्रोनस पद्धतीनंच पार पाडतं. एनटीएफएसची कॉम्प्रेस केलेली फाईल असेल तरी तेच. म्हणजे शेवटी ओळी जोडत जाणारी लॉग फाईल, जिच्यासाठी हौसेनं हा सगळा खटाटोप केला, नेमकी तिथेच विंडो अडकू शकते. सेटफाइलव्हॅलिडडेटा नावाची एक पळवाट आहे, पण तिला खास अधिकार लागतो. कारण ती जागा शून्यांनी न भरताच तुमच्या हवाली करते, आणि तिथे दुसऱ्या कुणाच्या पुसलेल्या फाईलचा मजकूर शिल्लक असू शकतो.

डब्याचंही एक पथ्य आहे. दळण चालू असताना डबा उचलून आणला तर पीठ जमिनीवर सांडणार. बफर आणि ओव्हरलॅप्ड स्ट्रक्चर काम संपेपर्यंत जागेवरच राहायला हवं. ते फंक्शनच्या स्थानिक व्हेरिएबलमध्ये ठेवलं आणि फंक्शन संपलं, तर डिस्कवरचा मजकूर भलत्याच मेमरीत जाऊन पडतो आणि प्रोग्रॅम दहा मिनिटांनी, तिसऱ्याच ठिकाणी कोसळतो. असली चूक शोधण्यात मी अख्खा आठवडा घालवलाय. ‘पण मी रद्द केलं होतं ना,’ असं म्हणून सुटका नाही. कॅन्सलआयओएक्स फक्त विनंती पोचवतं. काम खरंच थांबल्याचा, किंवा तोवर पूर्णच झाल्याचा निरोप येईपर्यंत बफरला हात लावायचा नाही. क्रमाचीही हमी नसते. ओव्हरलॅप्ड फाईलमध्ये ‘आपण कुठवर आलो’ ही खूण विंडोज सांभाळत नाही, जागा प्रत्येक मागणीत आपणच सांगायची. आधी दिलेलं लेखन नंतरच्या लेखनाच्या मागून पुरं होऊ शकतं.

आणि ‘पुरं झालं’ याचा अर्थ तरी काय? पुष्कळदा एवढाच, की मजकूर ऑपरेटिंग सिस्टिमच्या कॅशमध्ये पोचला. त्या क्षणी वीज गेली तर फाईल रिकामी सापडू शकते. विंडोजवर फ्लशफाइलबफर्स, लिनक्सवर एफसिंक स्वतंत्रपणे बोलवावं लागतं, आणि ते थांबवून ठेवणारं असल्यामुळे विंडोच्या थ्रेडवर नकोच. मॅकवर तर एफसिंकनंतरही मजकूर ड्राइव्हच्या स्वतःच्या कॅशमध्ये रेंगाळू शकतो. तो पक्का उतरवायला एफ-फुलएफसिंक लागतं. ते बरंच संथ आहे, म्हणून अनेक जण ते गाळतात.