ईसीजीची पट्टी नॉर्मल आली, तरी छातीतली कळ खरी असू शकते

‘तारा लावल्यावर करंट लागतो का?’ शहापूर-मुरबाडच्या खेड्यापाड्यांतून आलेले रुग्ण ईसीजीच्या टेबलावर झोपताना हे हमखास विचारतात. नाही लागत. यंत्र अंगात वीज सोडतच नाही. वीज हृदयाचीच असते. उजव्या वरच्या कप्प्यातल्या पेशींच्या पुंजक्यातून ती निघते, खाली पसरते, आणि त्यानंतर स्नायू आकसतो. कातडीपर्यंत पोचलेला तिचा अंश यंत्र फक्त मोजतं. म्हणून गरोदर बाईचा, तान्ह्या बाळाचाही ईसीजी बेलाशक काढावा.

१२ लीडचा ईसीजी म्हणजे १२ तारा, हाही गैरसमजच. तारा १०: हातापायांना ४, छातीवर ६. उजव्या पायाची तार केवळ गडबड कमी करते. उरलेल्या ९ तारांतून १२ बाजूंची चित्रं निघतात. माहुलीचा डोंगर आसनगावहून एक दिसतो, तानसाच्या बाजूने वेगळा, पण डोंगर तोच; तसंच हे. दुसरी, तिसरी आणि एव्हीएफ या लीड हृदयाची खालची बाजू पाहतात, व्ही-१ ते व्ही-४ पुढची. सुरुवातीला नेदरलँड्सच्या विलेम आइंटहोवेन यांनी हातापायांवरूनच ३ लीड घेतल्या होत्या; ईसीजीवरच्या कामासाठी १९२४चं नोबेल त्यांना मिळालं. छातीवरच्या लीड नंतर आल्या.

म्हणून तारेची जागा चुकली की चित्रही चुकतं. दोन्ही हातांच्या तारांची अदलाबदल झाली तर पहिल्या लीडची नक्षी उलटी येते. छातीवरच्या पहिल्या दोन तारा बरगड्यांच्या चौथ्या फटीऐवजी वर लागल्या, तर नसलेला जुना हृदयविकाराचा झटका दिसू शकतो. बायकांच्या बाबतीत संकोचापायी हे जास्त घडतं. आयाबायांनी पडदा मागावा, सिस्टरना बोलवावं, पण तारा नेमक्या जागी लावू द्याव्यात.

सगळ्यांत घातक समज म्हणजे ‘पट्टी नॉर्मल, म्हणजे गॅस’. नेहमीची पट्टी जेमतेम १० सेकंदांची असते. झटक्याच्या सुरुवातीला ती अगदी साफ येऊ शकते, आणि हृदयाची मागची भिंत नेहमीच्या १२ लीडमध्ये थेट दिसत नाही. कळ थांबत नसेल तर ईसीजी पुन्हा काढावा लागतो, रक्तातलं ट्रोपोनिन, म्हणजे हृदयाच्या इजेची खूण, तपासावं लागतं. रक्तवाहिनीतला ब्लॉकेज किती टक्के, हे तर पट्टी सांगतच नाही. उलट, यंत्राने ‘अबनॉर्मल’ छापलं म्हणजे आजार ठरला असंही नाही. ते डॉक्टरने वाचायला हवं.

विंचू चावल्यावर ईसीजी कशाला, असंही लोक म्हणतात. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी लाल विंचवाच्या विषाने हृदयावर होणारा परिणाम १९८२ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडला. दंशानंतर दरदरून घाम, गार हातपाय, उलट्या दिसल्या तर मांत्रिकाकडे वेळ घालवू नका.

डोळखांब असो की टोकावडे, छातीत दाब आणि घाम आला की रुग्णवाहिकेसाठी १०८ला फोन करा. शहापूरचं उपजिल्हा रुग्णालय किंवा मुरबाडचं ग्रामीण रुग्णालय गाठा, आणि जुनी पट्टी घरात असेल तर सोबत न्या. नव्या पट्टीत काय बदललं, ते डॉक्टरांना जुन्या पट्टीवरूनच कळतं.