ओळी मोजणाऱ्यांचा भ्रम

इंदूरच्या सुपर कॉरिडॉरवर टीसीएस आणि इन्फोसिस यांची आवारे उभी राहिल्यापासून राजवाड्याच्या आसपासच्या मराठी घरांतूनही ‘पॅच’ आणि ‘रिव्ह्यू’ हे शब्द सहज कानी पडत असले, तरी सहकाऱ्याचा कोड तपासताना त्याची रचना सुलभ करणे म्हणजे नेमके काय, याविषयी हे काम नित्य करणाऱ्यांच्याही काही समजुती भ्रामक आहेत.

ओळी घटल्या की रचना सोपी झाली, ही त्यांतली सर्वांत चिवट. होळकरांच्या दप्तरातला मोडी कागद ज्याने एकदा हाती धरला आहे, त्याला ठाऊक असते की हात न उचलता, ऱ्हस्वदीर्घाची तमा न बाळगता झरझर लिहिणाऱ्या कारकुनाची जी सोय, तीच पुढे वाचणाऱ्याची आपत्ती होते. थॉमस मॅकेब यांनी 1976 मध्ये क्लिष्टतेचे माप सुचविले, तेव्हा त्यांनी ओळी मोजल्याच नाहीत; कोडमधून जाणाऱ्या परस्परस्वतंत्र वाटा मोजल्या आणि 10 ही मर्यादा सुचविली. एका ओळीत कोंबलेल्या तीन अटी त्या मापाने तीनच राहतात.

दुसरा भ्रम ‘गोटू’चा, म्हणजे कोडमध्ये थेट दुसरीकडे उडी घेण्याच्या आज्ञेचा: ती दिसताच प्रतिकूल शेरा मारण्याची रूढी संगणकशास्त्रज्ञ डायक्स्ट्रा यांच्या 1968 च्या पत्रापासूनची. परंतु लिनक्सच्या कर्नलमध्ये, काम अर्ध्यावर फसल्यास घेतलेली साधने उलट क्रमाने परत करण्यासाठी तो आजही राजरोस वापरला जातो. फेब्रुवारी 2014 मध्ये ॲपलच्या प्रणालीत, सुरक्षित जोडणीची स्वाक्षरी तपासण्याचे टाळणारा जो दोष उघडकीस आला, त्याचे खापरही गोटूवर फुटले. वस्तुतः गोटूची ओळ चुकून दोनदा आली होती, आणि महिरपी कंस नसताना केवळ सोडलेल्या समासामुळे ती अटीच्या पोटातली भासत होती.

मला सर्वांत घातक वाटते ती दुरुस्तीसोबतच साफसफाईही उरकून घेण्याची हौस. दुरुस्तीत वर्तन बदलले काय, हे पाहावयाचे असते. सुलभीकरणात ते बदलले नाही ना, हे. म्हणून दोहोंचे पॅच, म्हणजे बदलांचे संच, निराळे हवेत. सुलभीकरण निरुपद्रवी असते असेही नाही. ‘खाते चालू असेल आणि शिल्लक पुरेशी असेल, तर रक्कम द्यावी’ ही अट उलटवून आरंभीच नकार द्यावयाचा झाल्यास ‘आणि’चे ‘किंवा’ करावे लागते. हा नियम ज्यांच्या नावाने ओळखला जातो ते डी मॉर्गन 1806 मध्ये जन्मले आपल्याच मदुरेत. तो विसरून ‘आणि’ तसाच ठेवला, तर बंद खात्यातूनही रक्कम बिनदिक्कत निघते; शिल्लक मात्र पुरेशी हवी.