सायकलवाले आले, राहिले आणि लिहून गेले

गेल्या गळीत हंगामात, संक्रांत होऊन आठवडा झाला असेल, आमच्या वस्तीवर दिवेलागण होऊन तासभर उलटल्यावर तेवीस सायकली येऊन उभ्या राहिल्या. माझा पुण्याला नोकरीस असलेला भाचा त्यांत होता. येणार हे त्याने आधी कळविले होते, पण माणसे चार वाजता येणार म्हणून आम्ही चुलीवर चहाचे आधण चढविले, ते दोनदा आटले. शेवटी रस्त्यावर बॅटऱ्यांचा उजेड दिसला. भाचा उतरला आणि पहिले वाक्य बोलला, "मामा, पोरं लई दमल्यात. अंघोळीला गरम पाणी मिळंल का?"

मंडळींचा बेत असा होता. पहिल्या दिवशी पुण्याहून सोलापूर रस्त्याने भिगवण. दुसऱ्या दिवशी पहाटे उजनीच्या फुगवट्यावर कुंभारगावकडे रोहित पक्षी पाहायचे, मग बारामती, काटेवाडी, भवानीनगर, लासुर्णे असे करीत निमगाव केतकीच्या अलीकडे आमच्या वस्तीवर मुक्काम. तिसऱ्या दिवशी इंदापूर, अकलूज आणि पंढरपूर. कोणी बँकेतून निवृत्त झालेले, कोणी कॉलेजातले, पाच महिला. शर्यत नव्हती की बक्षीस नव्हते. आमच्या आबांनी विचारले, "मग कशापायी एवढा ताप?" त्याला कोणालाच नीट उत्तर देता आले नाही, आणि ते खरेच वाटले.

असा लांबचा सायकलप्रवास महाराष्ट्राला नवा नाही. डिसेंबर १९८५ मध्ये बाबा आमट्यांनी शंभरावर तरुण-तरुणींना घेऊन कन्याकुमारीहून काश्मीरपर्यंत सायकलींवर 'भारत जोडो' काढले. स्वतः बाबांना पाठीच्या दुखण्यामुळे गाडीत पडून जावे लागे. १९८८ ला दुसरी फेरी अरुणाचलातील इटानगरहून गुजरातेतील ओख्यापर्यंत झाली. अलीकडे आषाढीच्या आधी सायकलवारी निघते. नाशिकची २०१२ पासून चालू आहे, पुण्याकडचे स्वारही जातात. पण ते दिवस पावसाळ्याच्या तोंडाचे. कारखाने बंद, ट्रॉल्या शेडमध्ये. आमच्याकडे आलेली मंडळी ऐन हंगामात आली, आणि म्हणूनच हा लेख लिहावा लागत आहे.

रात्री बाजरीची भाकरी, पिठलं, वांग्याचे भरीत झाले. जेवणानंतर मला काय सुचले कोण जाणे. घरात पाठकोरे कागद पडले होते ते वाटले आणि म्हणालो, "आमचा रस्ता, आमची गावं, आम्ही माणसं कशी वाटलो ते खरं खरं लिहा. नाव घालू नका." सकाळी निघताना एकोणीस कागद माझ्या हातात पडले. चौघांनी लिहिले नाही, ती मंडळी कागद उशाशी घेऊनच झोपली होती.

पहिल्यांदा गंमतीचे सांगतो. एकोणीसपैकी बहुतेकांनी बैठकीच्या दुखण्याबद्दल लिहिले आहे. पहिल्या दिवशी काही वाटत नाही, दुसऱ्या दिवशी सीटवर बसवत नाही, आणि जाड गादीची सीट घेतली म्हणजे जास्तच दुखते असे म्हणतात. सीटची उंची इतकी असावी की टाच खालच्या पायडलवर टेकवली असता पाय सरळ व्हावा, म्हणजे गुडघे धरत नाहीत. आपल्याकडची शाळकरी पोरे थोरल्या भावाची सायकल चालवितात आणि गुडघे धरून बसतात, त्यांच्या आईबापांनी एवढे पाहावे. दुसरी तक्रार वाऱ्याची. पौषात वारा पूर्वेकडून असतो हे आपल्याला पाचट पेटवताना कळते, त्यांना ते भवानीनगर सोडल्यावर कळले. तिसरी तक्रार वेड्या बाभळीच्या काट्यांची. एकाच दुपारी सात पंक्चर झाली, त्यातली दोन एकाच चाकाची. काटा टायरमधून काढलाच नाही आणि नवी ट्यूब घातली, तर दुसरे काय होणार! उशीर झाला तो या पंक्चरांमुळे, आणि अंधारात यावे लागले तेही त्यामुळेच.

कौतुकही भरपूर आहे. "कुठं निघालाय?" हा प्रश्न दिवसात किती वेळा ऐकला याची एकीने मोजणी चालविली होती, साठाच्या पुढे तिने सोडून दिली. लासुर्ण्याच्या पुढे एका गुऱ्हाळावर रसाचे पैसे घेतले नाहीत. भिगवणची चिलापी खाऊन एका गृहस्थाने अर्धा कागद त्यावरच खर्ची घातला आहे. काटेवाडीत तुकोबांच्या पालखीपुढे मेंढ्यांचे रिंगण होते आणि बेलवाडीला गोल रिंगण होते, हे रस्त्यावरच्या एका म्हाताऱ्याने त्यांना थांबवून, मैदान दाखवून सांगितले.

महिलांचे कागद वेगळे काढून ठेवले आहेत. पाचही जणींनी एकच गोष्ट लिहिली आहे. भिगवणपासून वस्तीपर्यंत पेट्रोलपंप सोडला तर स्वच्छ, दाराला कडी असलेले संडास-मुतारी त्यांना कुठे मिळाले नाही, म्हणून त्यांनी दुपारपर्यंत पाणीच कमी प्यायले. एकीचे डोके दुखू लागले ते त्यामुळे. वाचून मला लाज वाटली. ऊसतोडीला आलेल्या बायका सहा-सहा महिने याच रस्त्याकडेला काढतात आणि त्यांनी असा कागद कधी लिहिलेला नाही, हे त्याच वेळी मनात आले. गट कार्यालयातील संडासाला कुलूप असते आणि किल्ली कोणाकडे असते हे कोणाला ठाऊक नसते. यावर जास्त लिहीत नाही. संबंधितांना समजेल.

आता मुख्य गोष्ट. एकोणीसपैकी चौदा कागदांत आपल्या ट्रॉल्या आहेत.

दिवसाच्या ट्रॉलीबद्दल तक्रार कमी आहे. टेपचा आवाज मोठा असतो, मागून घंटी वाजविली तर ड्रायव्हरला ऐकू येत नाही, हे खरे आहे. दुभाजकाला वाट लांब म्हणून ट्रॉली उलट्या बाजूने येते, हेही आपण रोज पाहतो. तुकाराम महाराज पालखी मार्गाच्या चौपदरीकरणाची पायाभरणी ८ नोव्हेंबर २०२१ रोजी झाली. रस्ता रुंद झाला तसा वाहनांचा वेग वाढला, आणि आपली दोन ट्रॉल्यांची जोडी मात्र पूर्वीच्याच चालीने चालते. मागून येणारी मोटार आणि पुढची ट्रॉली यांच्या चालीतला हा फरक जीव घेणारा आहे. एका कागदावर लिहिले आहे की चालत्या ट्रॉलीच्या मागे धावून ऊस ओढणारी लहान मुले पाहून छातीत धस्स झाले. आपण ते पाहून हसतो.

रात्रीचे मात्र सगळ्यांनी जवळजवळ एकाच शब्दात लिहिले आहे. पुढे काही आहे हे दिसतच नाही. सायकलस्वार रस्त्याच्या डाव्या कडेने जातो, आणि पंक्चर झालेली, आस तुटलेली, डिझेल संपलेली ट्रॉली उभी राहते तीही त्याच डाव्या कडेला. ट्रॉलीला मागे रिफ्लेक्टर नसतातच असे नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ प्रमाणे ट्रेलरलासुद्धा मागे दोन्ही बाजूंना तांबडे रिफ्लेक्टर लागतात, आणि हंगामाच्या सुरुवातीला पासिंगपुरते आपण ते लावतोही. पण मागच्या फळीच्या बाहेर हात-दीड हात उसाची टोके लोंबत असतात. फळीवरचा रिफ्लेक्टर त्यांच्या मागे झाकून जातो. त्यावर शेताचा चिखल बसतो. म्हणजे नियमाला रिफ्लेक्टर आहे, डोळ्याला नाही.

एका कागदातला मजकूर थोडक्यात देतो. अंथुर्ण्याच्या अलीकडे वळणावर एक ट्रॉली उभी होती. दिवा नाही, फांदी नाही. चाकाला दगडांची उटी. सायकलच्या बॅटरीत उसाची टोके दिसली तेव्हा अंतर दहा हातांचे. लिहिणाऱ्याने ब्रेक दाबला, मागची मुलगी त्याच्यावर आदळली, तिचे कोपर फुटले. फळीवर निळ्या अक्षरांत लिहिले होते, 'आईची पुण्याई'.

तशी अक्षरे तालुक्यात पन्नास ट्रॉल्यांवर असतील. तरी मी ड्रायव्हरला बोलावून विचारले. तो म्हणाला, "व्हय तात्या, सांजच्याला अंथुर्ण्याजवळ टायर बसला होता. मी जॅक आणाया गेलो होतो." ट्रॉली माझी होती. त्या मुलीच्या कोपराला माझ्याच घरात हळद लावली गेली आणि मी तिला विचारले होते, "ताई, कुठं पडलात?" ती म्हणाली, "रस्त्यात." तिला माहीत नव्हते आणि मलाही नव्हते.

माझी नात सकाळी सातला त्याच रस्त्याने सायकलवर हायस्कूलला जाते. थंडीत सातला अजून पुरते उजाडलेले नसते.

लहानपणी मी वडिलांबरोबर बैलगाडीने कारखान्यावर ऊस घेऊन गेलो आहे. गाडीच्या आसाखाली कंदील टांगलेला असे. तो बैलांना वाट दाखविण्यासाठी नव्हे, बैलाला वाट ठाऊक असते. मागून येणाऱ्याला गाडी दिसावी म्हणून तो असे, आणि काच काळी झाली तर वडील नाक्यावर थांबून धोतराच्या सोग्याने पुसत. तीस टायरगाड्यांची रांग निघाली की तीस कंदील हलत जाताना दिसत. ट्रॅक्टर आला आणि कंदील गेला. त्याच्या जागी काय लावायचे हे आपण कधी ठरविलेच नाही.

भाच्याने अमेरिकेतील आयोवा राज्याची गोष्ट सांगितली ती इथे सांगण्यासारखी आहे. आयोवा म्हणजे मक्याचे राज्य, जसा आपला भाग उसाचा. १९७३ मध्ये तिथल्या एका वर्तमानपत्राच्या दोघा पत्रकारांनी राज्याच्या पश्चिम टोकापासून पूर्व टोकापर्यंत सायकलवर जाऊन लेख लिहायचे ठरविले, आणि वाचकांनाही या म्हणून बोलावले. तीनेकशे लोक आले. त्यांत ८३ वर्षांचे एक शेतकरी आजोबा होते, जुनी लेडीज सायकल आणि उन्हाळ्यात अंगात लांब लोकरी कपडे! ते शेवटपर्यंत गेले. ज्यांची संधी हुकली त्यांची पत्रे आली, म्हणून दुसऱ्या वर्षी पुन्हा काढली, आणि आता दर जुलैत हजारो लोक जातात. वाटेवरची खेडी त्यांना जेवू घालतात, शाळेच्या मैदानात तंबू ठोकू देतात, त्यावर गावची चार कामे होतात. पण २००४ मध्ये तिथल्या एका परगण्यात रस्त्याच्या मधल्या भेगेत चाक अडकून एक स्वार मेला. घरच्यांनी दावा केला, साडेतीन लाख डॉलरवर तडजोड झाली, आणि मग त्या परगण्याने ही यात्राच आपल्या हद्दीतून जाऊ देणार नाही असा ठराव केला. लोक काय करतात पाहा! भेग बुजवायची सोडून माणसे बंद.

त्याच देशातली दुसरी गोष्ट मला जास्त कामाची वाटली. शेतातला ट्रॅक्टर किंवा ट्रेलर रस्त्यावर आला की त्याच्या मागे मोठा केशरी त्रिकोण असतो, कडेने तांबडी चमकणारी पट्टी. ओहायो स्टेट विद्यापीठात १९६० नंतरच्या दोन-तीन वर्षांत तो तयार झाला. अर्थ एवढाच, की पुढचे वाहन हळू चालणारे आहे. दिवसा केशरी दिसतो, रात्री कड चमकते. त्याला ना बॅटरी लागते ना वायर.

मी माझ्या दोन्ही ट्रॉल्यांना काय केले ते सांगतो, यात फार शहाणपण नाही. हातभर लांबीची फळी घेतली, तिच्यावर तांबडी रेडियम पट्टी पूर्ण चिकटविली आणि दोन टोकांना दोर बांधला. मोळ्या भरून झाल्या की ही फळी सगळ्यात बाहेर आलेल्या उसाच्या टोकांना बांधायची, ट्रॉलीच्या फळीला नव्हे. काट्यावर गाडी आली की सोडून ड्रायव्हरच्या सीटखाली. पहिल्या आठवड्यात दोनदा ती गव्हाणीत जाता जाता वाचली, म्हणून आता काटा होण्याआधीच सोडायची असे ठरविले. चाकाला दगड लावणे बंद केले. लाकडी पाचर साखळीने ट्रॉलीलाच बांधली, म्हणजे ती रस्त्यात टाकून निघता येत नाही. दगडांबद्दल सहा कागदांत लिहिलेले आहे. ट्रॉली निघून जाते आणि दगड तिथेच राहतात. डबक्याएवढा खड्डा दिव्यात दिसतो, पण काळ्या रस्त्यावरचा काळा दगड दिसत नाही.

ड्रायव्हर पहिल्यांदा कुरकुरला. फेरी उशिरा लागते, मुकादम ओरडतो, आणि फळी बांधायला पाच मिनिटे जातात. त्याचे म्हणणे खोटे नाही. आपण त्याला टनावर पैसे देतो, उजेडावर देत नाही. म्हणून हे काम ड्रायव्हरच्या मर्जीवर न ठेवता रिकामी ट्रॉली यार्डातून बाहेर पडतानाच फळी आहे की नाही ते पाहावे, नसेल तर पुढची चिठ्ठी थांबवावी, अशी सूचना मी शेतकी खात्याकडे लेखी दिली आहे. वार्षिक सभेत दर, उतारा आणि वजनकाटा यांवर आपण तास-तास बोलतो, त्यात पाच मिनिटे यालाही मिळावीत.

एकोणीस कागद मी एका फायलीत लावून आमच्या गटाच्या शेतकी सहायकाकडे ठेवले आहेत. ज्या सभासदांना वाचायचे असतील त्यांनी जाऊन वाचावेत, घरी नेऊ नयेत. एकावर सायकलच्या तेलाचे बोट उमटले आहे, बाकी अक्षर सगळ्यांचे बरे आहे.

मंडळी येत्या जानेवारीत पुन्हा येणार असा भाच्याचा निरोप आहे. या वेळी तीस-पस्तीस जण होतील, त्यांत आठ-दहा महिला. आमच्या अंगणात एवढी माणसे मावणार नाहीत. निमगाव केतकी ते इंदापूर या पट्ट्यात ज्यांच्याकडे मोकळे अंगण, पाण्याची सोय आणि कडी लागणारा संडास असेल, त्यांनी गट कार्यालयात नाव द्यावे. भाकरीचे आम्ही पाहू.