सभेचं भाडं

पहाटे ५.१५
१ सप्टेंबर २०१९, रविवार. परवा पोळा झाला, उद्या गणपती बसणार. तेरच्या पुढच्या एका गावात नाना अंगणात क्रूझर पुसत होते. पाणी एकच बादली. आदल्याच महिन्यात कोल्हापूर-सांगलीला महापूर येऊन गेला होता आणि आमच्याकडं सोयाबीन माना टाकून उभं होतं. नानांनी आधी काचा पुसल्या, मग दिवे. उरलेलं गढूळ पाणी चाकांवर ओतलं. बॉनेट उघडून ऑइलची पट्टी पाहिली, फॅनबेल्ट अंगठ्यानं दाबला. रेडिएटरमध्ये मात्र माठातलं पाणी गेलं. "बोअरचं घातलं की क्षार धरतंय. मग रेडिएटर काढायचा म्हणजे दोन दिवस गाडी बंद."

गाडी २०१४ ला जुनी घेतलेली. पतसंस्थेचा हप्ता महिन्याला ९,२०० रुपये. रोजचा धंदा गाव ते धाराशिव वडाप. एरवी दिवसाकाठी सहा-सातशे सुटायचे. आज सभेचं भाडं होतं. साडेतीन हजार, डिझेल नानांचं, टोल आणि जेवण नेणाऱ्याचं. दीड हजार उचल काल रात्रीच मिळाली होती.

सभा सोलापूरला, अमित शहांची. तिथं आमचे आमदार राणाजगजितसिंह पाटील राष्ट्रवादी सोडून भाजपमध्ये जाणार होते. आदल्या दिवशी धाराशिवात त्यांनी कार्यकर्त्यांचा मेळावा घेतला होता. विधानसभेची निवडणूक दीड-दोन महिन्यांवर आली होती.

सकाळी ७.००
सभेला निघायचं अकराला. तोवर गाडी दारात कशाला उभी करायची, म्हणून नानांनी धाराशिवची एक फेरी मारली. जाताना अकरा सीट, येताना सहा. सीटला २५ रुपये. एका म्हातारीनं वीसच दिले. नानांनी मोजले, तिच्याकडं पाहिलं आणि पुढच्या खेपेला पाच आठवणीनं द्यायला सांगितलं. तिनं ते दिले असणार. या रस्त्यावर पाच रुपयांचा हिशोब वर्षभर लक्षात राहतो.

सकाळी ९.४०
पंपावर २२ लिटर डिझेल. १,४९६ रुपये झाले. मागच्या डाव्या टायरमध्ये खिळा सापडला. पंक्चरचे शंभर. बरोबरचा पोरगा, बारावी नापास, दिवसाला अडीचशेवर, जॅक लावून चाक खोलत होता. पान्यावर पूर्ण उभा राहिला तेव्हा कुठं पहिला नट हलला.

सकाळी ११.१०
माणसं जमली. चौदा सीटची गाडी, बसले सतरा. आणणारा गावातला पुढारी वहीत नावं लिहून घेत होता. दोन बायका बचत गटातल्या, चार पोरं कॉलेजची, बाकी शेतकरी.

मधल्या सीटवर आप्पा बसले. वय सत्तरीच्या पुढं. १९९९ ला राष्ट्रवादी निघाली तेव्हापासून त्यांच्या घरावर घड्याळ. तेही खरं तर डॉक्टरसाहेबांमुळं, म्हणजे आमदारांचे वडील पद्मसिंह पाटील यांच्यामुळं. पक्ष निघाला तेव्हा साहेब शरद पवारांबरोबर गेले, आप्पा साहेबांबरोबर. आणि ड्रायव्हरशेजारच्या सीटवर आप्पांचा चुलतभाऊ, अण्णा. तो भाजपचा, गावात कमळाचं बटण दाबणारे आठ-दहाच असल्यापासूनचा. सोसायटीच्या निवडणुकीत दोघांची जुंपली होती. तीन वर्षं बोलणं बंद. एका वाड्यात राहतात, दारं वेगळी.

आज दोघं एका गाडीत. कुणी मुद्दाम बसवलं नव्हतं. जागाच तेवढ्या होत्या.

दुपारी १२.३०
धाराशिव मागं टाकलं. तेव्हा पाट्यांवर उस्मानाबाद होतं, तोंडात धाराशिव. घाटाकडं गाडी लागली तसं बोलणं सुरू झालं.

कॉलेजच्या पोराचं म्हणणं स्पष्ट होतं. "सत्तेत गेल्याबिगर पाणी येत नाही. कृष्णेचं २१ टीएमसी किती वर्षं ऐकायलोत आपण? विरोधात बसून काय मिळायलंय?"

दुसरा म्हणाला, "मे महिन्यात लोकसभेला काय झालं बघितलं न्हवं?" त्या निवडणुकीत राणादादा राष्ट्रवादीकडून उभे होते आणि शिवसेनेच्या ओमराजे निंबाळकरांनी त्यांना सव्वा लाखावर मतांनी पाडलं होतं.

"पण सोयरीक?" बचत गटातली एक बाई म्हणाली. अजित पवारांच्या पत्नी सुनेत्राताई म्हणजे पद्मसिंहांच्या बहीण. राणादादांची आत्या. "आत्याचं घर सोडून गेले की ओ."

आप्पा बराच वेळ गप्प होते. मग हळू म्हणाले, "दादा जातील तिकडं आपण. पर मी बूथवर बसून ज्याच्याशी भांडलो, त्याला आता काय सांगू?"

पुढच्या सीटवरच्या अण्णांनी मान वळवली नाही. नानांनी गिअर बदलला. या प्रश्नाला गाडीत कुणाकडंच उत्तर नव्हतं.

मी जन्मापासून या जिल्ह्यातला. आमदाराचा पक्ष एका दिवसात बदलतो. व्यासपीठावर जाऊन गळ्यात पट्टा घातला की झालं. गावात तो बदलायला पिढी जाते. कुणाच्या दुकानातून खत घ्यायचं, कुणाच्या लग्नात पंगतीला बसायचं, मयतीला कोण खांदा देणार, हे सगळं त्या चिन्हाभोवती बसलेलं असतं. नेता जातो तेव्हा हे कुणी मोजत नाही.

दुपारी १.१५
तुळजापूर. गाडी थांबवून सगळ्यांनी कळसाकडं हात जोडले. देवळात जायला वेळ नव्हता. नाना खाली उतरून चाकांना हात लावून आले, कुठलं तापलंय का बघायला. चहा झाला. नानांनी तेवढ्यात पोराला वडापाव घेऊन दिला.

दुपारी २.००
तामलवाडीचा टोलनाका. सभेच्या गाड्यांची रांग लागलेली. पुढाऱ्यानं खिडकीतून पैसे दिले, पावती वहीत ठेवली. उकाडा मरणाचा. मागच्या सीटवर कुणाला तरी मळमळलं, तर आप्पांनी पाण्याची बाटली मागितली. ती पुढं अण्णांच्या पायाशी होती. अण्णांनी उचलली, झाकण सैल केलं आणि मागं न बघताच हात लांब केला. आप्पांनी घेतली. "भरली हाय का?" "व्हय. घरचं हाय." तीन वर्षांत दोघांत झालेलं बोलणं एवढंच.

दुपारी ३.१०
सोलापूर. गाड्या मैदानापासून लांब लावायच्या होत्या. पोलिसानं शिट्टी मारून नानांना एका मोकळ्या प्लॉटमध्ये वळवलं. शे-दीडशे जीपा, टेम्पो, बसा. माणसं उतरून चालत गेली. पुढाऱ्यानं बजावलं, "सगळ्यांनी इथंच परत यायचं. मोबाइल लागणार नाही."

पुरी-भाजीची पाकिटं आली. नानांनी दोन घेतली. एक पोराला, एक स्वतःला.

सायंकाळी ५.३०
सभेला मी गेलो नाही, नानांजवळच थांबलो. सभा पाहणारे पुष्कळ असतात. नानांनी गाडीच्या सावलीत पोतं अंथरलं आणि स्टेपनीवर डोकं टेकून झोपले. लांबून भोंग्याचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. मधेच मोठा गलका झाला. फलटणकडचा एक ड्रायव्हर उठून बसला आणि म्हणाला, "झाला वाटतं प्रवेश." त्या दिवशी राणाजगजितसिंहांबरोबर माणचे जयकुमार गोरे, कोल्हापूरचे धनंजय महाडिक हेही गेले. नाना कुशीवर वळले.

तिथं बसून मी त्या कायद्याचा विचार करत होतो. १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीनं पक्षांतरबंदी आली. निवडून आलेल्या माणसानं पक्ष सोडला तर आमदारकी जाते. आधी एक तृतीयांश आमदार फुटले तर चालायचं, ती वाट २००३ ला बंद केली. म्हणून निवडणुकीच्या तोंडावर जाणारे आमदार आधी राजीनामा देतात. राणादादांनीही दिला. हे मला बरं वाटलं. ज्या चिन्हावर मतं घेतली ते सोडायचं तर खुर्चीही सोडायची, एवढं तरी झालंच पाहिजे.

पण तेवढ्यानं पुरत नाही. मेळावा घेऊन कार्यकर्त्यांना विचारणं आणि मतदाराला विचारणं यात फरक आहे. मेळाव्यात समोर बसलेला माणूस आधीच आपला असतो. आप्पा मेळाव्यात हात वर करून आले होते. गाडीत बसल्यावर त्यांना प्रश्न पडला.

रात्री ८.२०
माणसं परत आली. पंधरा आली, दोघांचा पत्ता नाही. पोरगा शोधायला गेला. पाऊण तास. दोघं दुसऱ्याच प्लॉटमध्ये, तसल्याच पांढऱ्या क्रूझरजवळ उभे होते. नानांनी आवाज चढवला नाही. फक्त घड्याळ बघितलं.

रात्री १०.००
परतीचा रस्ता. समोरून ट्रक, डोळ्यांवर दिवे. नाना काच पुसत, डाव्या कडेची पांढरी पट्टी धरून चालवत होते. साठच्या वर काटा जाऊ दिला नाही. मागं सगळे झोपलेले. आप्पांची मान खिडकीच्या दांडीवर.

पुढं २०२२ च्या जूनमध्ये, शिवसेना फुटली तेव्हा, मला हा रस्ता पुन्हा आठवला. धाराशिवचे शिवसेनेचे आमदार कैलास पाटील सुरतेकडं निघालेल्या गाडीतून राज्याच्या हद्दीजवळ उतरले. पावसात पायी चालले, मग दुचाकी, मग ट्रक, असं करत मुंबईला परतले. हे त्यांनी स्वतः सांगितलं. त्या आठवड्यात नाना भेटले तेव्हा त्यांनी मला आमदाराचं काही विचारलं नाही. म्हणाले, "रातच्याला रस्त्यावर हात केलेल्या माणसाला घेतलं बघा त्या ट्रकवाल्यानं."

२०१९ च्या ऑक्टोबरात राणाजगजितसिंह तुळजापुरातून उभे राहिले आणि काँग्रेसच्या मधुकरराव चव्हाणांना हरवून निवडून आले. २०२४ ला तिथूनच पुन्हा आले. लोकांनी कौल दिला, तो मानलाच पाहिजे. पण कौल तुळजापूरकरांनी दिला. युतीत उस्मानाबादची जागा शिवसेनेकडं होती. ज्यांनी २०१४ ला घड्याळावर त्यांना आमदार केलं, त्या उस्मानाबादच्या मतदारांच्या मतपत्रिकेवर त्यांचं नावच नव्हतं. आप्पांना बोलायची जागा मिळाली नाही ती नाहीच. २०२४ च्या लोकसभेला राणादादांच्या पत्नी अर्चनाताई भाजपमधून अजित पवारांच्या राष्ट्रवादीत येऊन उभ्या राहिल्या. म्हणजे घरात पुन्हा घड्याळ आलं. त्या वेळी सगळ्या जिल्ह्याला मत देता आलं. ओमराजे ३,२९,८४६ मतांनी निवडून आले.

आमदारानं पक्ष बदलूच नये, असं मी म्हणणार नाही. पाण्यासाठी कुणी जात असेल तर या दुष्काळी मुलखात त्याला एकदम खोटं म्हणवत नाही. पण ज्यांनी निवडून दिलं त्यांच्याच दारात नवं चिन्ह घेऊन उभं राहावं. तिकीट दुसरीकडचं मिळत असेल तर निदान गावोगाव जाऊन, माईक न लावता, आप्पांसारख्यांच्या ओट्यावर बसावं. ते काय म्हणतात ते ऐकून घ्यावं आणि मग जावं.

रात्री १२.२५
गाव. माणसं उतरली, कुणी बोललं नाही. आप्पा आणि अण्णा वाड्याकडं गेले, आपापल्या दारानं आत.

पुढाऱ्यानं राहिलेले दोन हजार मोजून दिले. नानांनी टपावरचा दिवा लावून वही काढली. जमा: सभेचं भाडं ३,५००, सकाळची फेरी ४२०. खर्च: डिझेल १,४९६, पोरगा २५०, पंक्चर १००, चहा-वडापाव ६५. शिल्लक २,००९ रुपये. वही डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवली, गाडीला कुलूप लावलं. सकाळी सहाला गणपती आणायला धाराशिवची फेरी होती.