जेद्दाचा विमानतळ आणि कापडाचे छत

जेद्दाच्या विमानतळावर उतरणारे आपले बहुतेक हाजी वर पाहत नाहीत. सामान, पासपोर्ट आणि बरोबरची बुजुर्ग माणसे यांतच त्यांचा जीव अडकलेला असतो. आम्ही कापडाच्या धंद्यातले, त्यामुळे आमची नजर छताकडेच जाते. तेथील हज टर्मिनलचे छत ना सिमेंटचे, ना पत्र्याचे. ते कापडाचे आहे.

एके काळी मुंबईचे हाजी जहाजाने जात. ती जहाजे 1995 साली बंद झाली. विमानाने येणारे त्याआधीच वाढले होते. जेद्दा शहरातील जुना विमानतळ अपुरा पडला आणि उत्तरेस सुमारे 19 किलोमीटरवर 1981 साली किंग अब्दुलअझीझ विमानतळ सुरू झाला. हजचे गणित मात्र निराळे. थोड्या आठवड्यांत लाखो माणसे येतात, काही तास थांबतात. उरलेले वर्ष तेवढी गर्दी नसते. एवढ्या जागेला भिंती घालून एअर कंडिशन करणे म्हणजे पैसा वाळूत ओतणे. म्हणून वाळवंटातला तंबूच पुढे आला.

तंबू एकूण 210. प्रत्येक 45 मीटर लांब आणि तितकाच रुंद, पोलादी खांबांना दोरखंडांनी टांगलेला. खालची जागा सव्वाचार लाख चौरस मीटर भरते. कटिंगची घट वेगळी! कापड काचेच्या धाग्याचे, त्यावर टेफ्लॉनचा थर. हो, नॉनस्टिक तव्यावर असतो तोच. काचेचा धागा ताणाला भक्कम, पण घडी आणि घासणे त्याला सोसत नाही; ते काम थर सांभाळतो. कापड पेट घेत नाही, उन्हाने कुजत नाही, धूळ धरत नाही. बहुतेक ऊन परत फेकते, तरी दिवसा दिवे लावावे लागू नयेत इतका उजेड खाली येतो. तंबूच्या शेंड्याला भोक ठेवले आहे, गरम हवा तेथून निघून जाते.

हे उभारणाऱ्यांत ढाक्याचे इंजिनिअर फजलुर रहमान खान होते. शिकागोचा सीअर्स टॉवर त्यांच्याच हिशेबावर उभा आहे. 1982 साली जेद्दातच त्यांचे निधन झाले. इमारतीला 1983 साली आगाखान पुरस्कार मिळाला.

उमऱ्याला स्वतःच्या तिकिटावर जाणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावे. हरमैन रेल्वे 2018 साली सुरू झाली. तिचे विमानतळ स्टेशन नव्या टर्मिनल 1 ला लागून आहे, हज टर्मिनलला नाही. तेथून मक्का शरीफ तासाच्या आत, मदिना मुनव्वरा साधारण दोन तासांत. म्हणून तिकिटावर टर्मिनल कोणते ते आधी पाहावे. टॅक्सी रांगेतली अधिकृतच घ्यावी. हात धरून ओढणाऱ्यांच्या मागे जाऊ नये.

आता आपल्या मुद्द्याचे. भिवंडी-मालेगावात आपण ग्रे कापड विणतो आणि मीटरमागे काही पैशांवरून व्यापाऱ्याशी भांडतो. त्या छताच्या कापडाला भाव मिळाला तो त्याच्या कामाचा: ऊन किती अडवते, आग सोसते का, किती वर्षे टिकते. काचेचा धागा उद्याच मागावर चढवा, असे आम्ही म्हणत नाही. पण शेततळ्याचा कागद, पिकावरची जाळी, रस्त्याखाली घालायचे कापड हा माल आज खपतो, आणि त्यातला पुष्कळसा आपल्या मोहल्ल्याबाहेर तयार होतो. केंद्र सरकारने अशा तांत्रिक कापडासाठी 2020 साली 1480 कोटी रुपयांचे मिशन मंजूर केले. आपल्यातल्या किती जणांच्या कानी ते आले? शेतीच्या कापडाचे केंद्र वरळीच्या ससमिरात आहे, जमिनीत घालायच्या कापडाचे घाटकोपरच्या बीटीआरएत. कापडाची चाचणीही तेथे होते. भिवंडीहून दोन्ही एका दिवसात पाहून होतात.